कोल्हापूरचा मुलगा आणि शंभर सह्या

कोल्हापुरात वाइल्डर मेमोरियल चर्च आहे. हा वाइल्डर कोण, असे विचारले तर माहीतगार माणूस रॉयल गोल्ड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याचे नाव सांगतो. १८४६ मध्ये ते अहमदनगरच्या मराठी मिशनमध्ये आले, १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात येऊन राहिले, शाळा काढल्या, त्या शाळांच्या प्रश्नावरून बोस्टनच्या आपल्या वरिष्ठांशी भांडले आणि पुढे काही वर्षे त्यांच्याविना एकट्यानेच काम रेटत राहिले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास त्यांच्यापासून सुरू होतो, त्यामुळे त्यांचे नाव राहणे साहजिक आहे. पण जगाच्या इतिहासात ज्याच्या नावाची नोंद झाली तो वाइल्डर हा नव्हे. तो त्यांचा मुलगा, रॉबर्ट.

रॉबर्ट पार्मली वाइल्डरचा जन्म २ ऑगस्ट १८६३ चा, कोल्हापूरचाच. मराठी कानावर पडत तो वाढला. पुढे वडील अमेरिकेला परतले, प्रिन्स्टनला राहिले आणि १८७८ मध्ये त्यांनी तेथून मिशनच्या कामाला वाहिलेले एक मासिक सुरू केले. घरात भारताची पत्रे, भारताची माणसे, भारताच्या गोष्टी. अशा घरातला मुलगा प्रिन्स्टन कॉलेजात शिकू लागला आणि १८८३ मध्ये त्याने तेथे परदेशी मिशनच्या कामात रस असणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले. रविवारी दुपारी ही मुले वाइल्डरांच्या घरी जमत. शेजारच्या खोलीत रॉबर्टची बहीण ग्रेस त्यांच्यासाठी प्रार्थना करीत बसे. ग्रेसची गोष्ट पुढे येईलच. या साऱ्यातून १८८६ च्या उन्हाळ्यात जे घडले, ते ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या वार्षिक परिषदांच्या प्रथेचे मूळ मानले जाते.

आपल्याकडे विद्यार्थ्यांची शिबिरे काही नवी नाहीत. सेवा दलाचे शिबिर, संघाचा वर्ग, राष्ट्रीय सेवा योजनेचा खेड्यातला मुक्काम, सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, यांपैकी एकातून तरी गेलेला माणूस मध्यमवर्गीय मराठी घरात हटकून सापडतो. ऐन विशीतल्या मुलांना घरापासून दूर न्यायचे, एका छपराखाली झोपवायचे, एका पंगतीत जेवू घालायचे, सकाळी विचार आणि दुपारी घाम, आणि रात्री शेकोटीभोवती मन मोकळे करायला लावायचे, हा साचा सगळीकडे तोच. पण ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदांनी हा साचा एकोणिसाव्या शतकातच जगभर नेला, आणि त्यातून निघालेल्या माणसांनी पुढे जे उद्योग केले, त्यातले अनेक उद्योग साचा बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. माझे कुतूहल आहे ते या दुसऱ्या भागाविषयी.

ड्वाइट मूडी हा त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत गाजलेला प्रवचनकार. तरुणपणी जोडे विकणाऱ्या या माणसाचे शिक्षण जेमतेम झाले होते आणि कॉलेजच्या मुलांसमोर बोलायचे म्हटले की तो बिचकत असे. कॉलेजांमधले वायएमसीएचे काम पाहणारा ल्यूथर विशार्ड त्याच्या मागे लागला होता, की कॉलेजच्या प्रतिनिधींना एकदा उन्हाळ्यात एकत्र बोलवा. मूडी अखेर राजी झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीकाठी माउंट हर्मन येथे त्याने मुलांची शाळा काढली होती. सुट्टीमुळे ती रिकामीच होती. १८८६ च्या जुलैत तेथे २५१ विद्यार्थी जमले आणि जवळजवळ चार आठवडे राहिले.

चार आठवडे! आज आपल्या मुलांना दोन दिवसांच्या परिसंवादाला बसवायचे तरी प्रमाणपत्राचे आमिष दाखवावे लागते. मूडीने कार्यक्रमही धडपणे आखलेला नव्हता. सकाळी बायबलचा अभ्यास आणि व्याख्याने, दुपार मोकळी. मुले नदीत पोहत, बेसबॉल खेळत, टेकड्या चढत. परदेशी मिशन हा विषय तर ठरलेल्या कार्यक्रमात नव्हताच. तो आणला वाइल्डरने. तो आला तेव्हा परदेशी जाण्याचा विचार असलेले एकवीसजण तेथे भेटले. त्यांनी रोज जमून प्रार्थना सुरू केली. १६ जुलैला आर्थर पिअर्सन या धर्मोपदेशकाचे मिशनवर एक जोरकस भाषण झाले. २४ तारखेला मुलांनीच एक सभा घेतली, ती ‘दहा राष्ट्रांची सभा’ म्हणून प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या किंवा मिशनऱ्यांच्या पोटी तेथे जन्मलेल्या दहा मुलांनी तीन-तीन मिनिटांत आपापल्या देशाची बाजू मांडली. शेवटी प्रत्येकाने आपल्या भाषेत ‘देव प्रीती आहे’ असे म्हटले. भाषण संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. मुले गप्प उठून झाडांत पांगली, असे वर्णन तेथे हजर असलेल्यांनी केले आहे.

मग सह्या. ईश्वराची अनुमती असेल तर परदेशात मिशनरी म्हणून जाण्याची आपली इच्छा आणि तयारी आहे, अशा अर्थाचा मजकूर आणि त्याखाली नाव. शेवटच्या दिवसापर्यंत नव्याण्णव झाल्या. निरोपाच्या प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून बसले असताना शंभरावा आत आला आणि त्यांच्यात बसला. गोष्ट इतकी गोळीबंद आहे, की तिच्यावर थोडा रंधा फिरला असावा अशी शंका मला येते. पण शंभराचा आकडा मात्र कागदोपत्री आहे. त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, जॉन मॉट. त्याने पुढली साठ वर्षे जगभर विद्यार्थ्यांच्या संघटना बांधल्या आणि १९४६ मध्ये त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्या वर्षी हिवाळ्यात वाइल्डर आणि जॉन फोरमन हे दोघे अमेरिका आणि कॅनडातल्या कॉलेजांच्या दौऱ्यावर निघाले. फोरमनही आपल्याच बाजूचा, म्हणजे लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा. दीडशेहून जास्त संस्था त्यांनी पालथ्या घातल्या आणि वर्षअखेर सह्यांचा आकडा दोन हजारांवर गेला. त्यांत शेकडो मुली होत्या. १८८८ मध्ये याला ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ असे रीतसर रूप आले. ‘याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता’ हे तिचे ब्रीदवाक्य. पुढल्या सुमारे साठ वर्षांत या चळवळीतून वीस हजारांहून अधिक माणसे परदेशी गेली असे मानले जाते.

आकडे वाचताना विसरायला होते, की प्रत्येक सहीमागे एक घर होते. चीन काय, सुदान काय, तेथून पत्र यायला महिनोन्‌महिने लागत. येल विद्यापीठाचा होरेस पिटकिन हा असाच सही करून चीनला गेला आणि १९०० सालच्या बॉक्सर बंडात पाओटिंग येथे मारला गेला. विशीतल्या मुलाकडून, गाणी आणि चांदणे आणि मित्रांचे डोळे यांच्या साक्षीने, उभ्या आयुष्याचा शब्द घ्यावा की नाही? मला हे मानवत नाही. शब्द देणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो घेणाऱ्याच्या अधिकाराचा. चळवळीतल्या शहाण्या माणसांनाही हे जाणवले असावे. कारण लवकरच प्रतिज्ञेचे शब्द सौम्य झाले आणि ‘तयारी’ऐवजी ‘हेतू’ हा शब्द आला.

माउंट हर्मननंतर परिषद दर उन्हाळ्यात जवळच नॉर्थफील्डला भरू लागली. संध्याकाळची उपासना तेथल्या ‘राउंड टॉप’ या टेकाडावर होई. १८९९ मध्ये मूडी वारला तेव्हा त्याला तेथेच पुरले. एका परिषदेच्या अनेक झाल्या. १८९० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला, मग दक्षिणेत, मग पॅसिफिक किनाऱ्यावर. मुलींच्या परिषदा निराळ्या. त्यासाठी कॅलिफोर्नियात असिलोमार येथे समुद्रकाठी ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्या ज्यूलिया मॉर्गन या स्त्री-वास्तुशिल्पज्ञाने बांधल्या. जपानमध्ये १८८९ मध्ये क्योतोच्या दोशिशा महाविद्यालयात अशी परिषद भरली आणि तेथल्या मुलांनी नॉर्थफील्डला तार पाठवली. १८९५ मध्ये स्वीडनमधल्या वाडस्टेना येथील जुन्या किल्ल्यात सहाजण बसले आणि त्यांनी ‘वर्ल्ड्स स्टुडंट ख्रिश्चन फेडरेशन’ स्थापन केले. मॉट त्याचा सरचिटणीस झाला आणि तेथूनच जगाच्या दौऱ्यावर निघून त्याच हिवाळ्यात भारतात उतरला.

इंग्लंडातली परिषद केझिक, मॅटलॉक, बॅस्लो अशी फिरत फिरत १९११ मध्ये डर्बीशरमधल्या स्वॉनिक या गावी ‘द हेझ’ नावाच्या एका मोठ्या घरात स्थिरावली. घर अपुरे पडे म्हणून हिरवळीवर तंबू ठोकीत. ‘स्वॉनिकला गेला होतास का?’ हा इंग्लिश विद्यार्थ्यांच्या एका पिढीत परवलीचा प्रश्न होता. स्वॉनिकवरून आठवले. दुसऱ्या महायुद्धात या घराचा युद्धकैद्यांचा तळ झाला होता आणि १९४० च्या डिसेंबरात फ्रान्स फॉन वेरा हा जर्मन वैमानिक भुयार खणून तेथून निसटला. ज्या हिरवळीवर मुलांनी जगात बंधुभाव आणण्याच्या आणाभाका घेतल्या, तिच्याखालून हे भुयार गेले. असो.

मुले जमली की प्रश्न विचारतात, ही यातली मेख आहे. वक्ते वडीलधाऱ्यांनी ठरवलेले, विषय त्यांनीच ठरवलेले, पण जेवणाच्या टेबलावर काय बोलले जाईल हे कोण ठरवणार? १९०९ मध्येच ब्रिटिश विद्यार्थ्यांनी मॅटलॉकला सामाजिक प्रश्नावर परिषद घेतली. कारखान्यांतली मजुरी, गलिच्छ वस्त्या, बेकारी, हे विषय प्रार्थनेच्या बरोबरीने आले. एका बाजूला ते काहींना फार झाले. केंब्रिजच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे मंडळ १९१० मध्ये मूळ चळवळीतून बाहेर पडले. महायुद्धानंतर, १९१९ मध्ये दोन्हींना एकत्र आणण्याची बोलणी झाली. बाहेर पडलेल्यांच्या वतीने नॉर्मन ग्रबने एकच प्रश्न विचारला: ख्रिस्ताच्या रक्ताने झालेले पापक्षालन तुमच्या शिकवणीच्या केंद्रस्थानी आहे का? आम्ही ते मानतो, पण केंद्रस्थानी असेलच असे नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. बोलणी तेथेच संपली. त्याच वर्षी डिसेंबरात वेगळ्या गटाने लंडनला आपली निराळी परिषद भरवली, आणि एका नदीच्या दोन नद्या झाल्या. भारतातही त्या दोन्ही आल्या. १९१२ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या कॅरीच्या श्रीरामपूरला, स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट स्थापन झाली. १९५४ मध्ये ‘युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया’ ही दुसऱ्या वळणाची संघटना आली. एका बाजूला समाज, न्याय, अन्य धर्मांशी संवाद. दुसऱ्या बाजूला बायबल, व्यक्तिगत श्रद्धा, साक्ष. आपल्याकडच्या पुरोगामी चळवळींतल्या फुटी पाहिलेल्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल.

अमेरिकेत ठिणगी पडली ती १९२० च्या जानेवारीत, आयोवातल्या डे मॉइन येथे. स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंटचे हे दर चार वर्षांनी भरणारे अधिवेशन. जवळजवळ सात हजार प्रतिनिधी होते. त्यांतली कित्येक मुले युद्ध पाहून आलेली. मॉट आणि मंडळी जुन्याच थाटात बोलू लागली तेव्हा मुलांनी उघड नापसंती दाखवली. ज्या ख्रिस्ती राष्ट्रांनी चार वर्षे एकमेकांची मुले कापली, त्यांनी आता चीन आणि भारताला काय शिकवायचे, असा साधा सवाल होता. युद्ध, मजूर आणि वंशभेद यांवर बोला, असे मुलांचे म्हणणे. त्या अधिवेशनानंतर सह्या झपाट्याने घटत गेल्या. आणि १९२२ मध्ये फेडरेशनची परिषद पेकिंगला भरणार म्हटल्यावर चिनी विद्यार्थ्यांनीच तिच्याविरुद्ध संघटना उभारली. जगाला सुवार्ता सांगायला निघालेल्यांना जगातले विद्यार्थी ‘तुम्ही कोणाच्या तोफांच्या आडून येता?’ असे विचारू लागले होते.

मी स्वतः अशा एका शिबिराला गेलो आहे, पाहुणा म्हणून. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहातला माझा खोलीतला सोबती मला घेऊन गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असलेली शाळा, कोपऱ्यात रचलेले बाक, जमिनीवर सतरंज्या. सकाळी आंब्याच्या झाडांखाली पाच-सहाजणांचे गट करून बायबलवर चर्चा, दुपारी व्हॉलीबॉल, रात्री पेटी-तबल्यावर मराठी भजने. ती भजने अभंगाच्या आणि ओवीच्या चालींवर होती आणि मी हिंदू घरातला मुलगा असूनही मला ती गाताना परके वाटले नाही. तिसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरांत मराठवाड्यातली एक मुलगी उठली. आमच्या गावात देवळात एका बाजूला अमक्यांनी बसायचे, दुसऱ्या बाजूला तमक्यांनी, हे बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या तरी का, असे तिने विचारले. ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात हे मला त्या दिवशी कळले. व्यासपीठावरच्या गृहस्थांनी, आपण सारे प्रभूत एक आहोत, असे उत्तर दिले. ती म्हणाली, ‘ते मला ठाऊक आहे, सर. मी बसण्याबद्दल विचारते आहे.’ आणि उभीच राहिली. पुढले भाषण अर्धा तास उशिरा सुरू झाले. शेवटच्या रात्री छापील कार्डे वाटली गेली, निर्णयाची. माझ्या सोबत्याने ते कोरेच खिशात घातले आणि सकाळी एस.टी.त बसल्यावर मला दाखवले. त्या मुलीने कार्डावर काय लिहिले असेल, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

तिच्या प्रश्नाचे अमेरिकन रूप फार मोठे होते. तेथल्या दक्षिणेत गोऱ्या विद्यार्थ्यांची परिषद ‘ब्लू रिज’ येथे डोंगरात भरे. तेथे काळ्या विद्यार्थ्यांना बरोबरीने राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. त्यांच्यासाठी निराळी परिषद, नॉर्थ कॅरोलायनातल्याच किंग्ज माउंटन येथे. बंधुभावाच्या परिषदा, पण पंगती दोन. आता गंमत पाहा. १९१७ मध्ये या वेगळ्या पंगतीत हॉवर्ड थर्मन नावाचा फ्लॉरिडातला एक गरीब मुलगा आला. तेथे त्याने मॉर्डेकाय जॉन्सन या तरुण उपदेशकाचे भाषण ऐकले. मुलगा इतका भारावला, की पुढे धीर करून त्याने जॉन्सनला पत्र लिहिले आणि दोघांचा आयुष्यभराचा संबंध जुळला.

हाच थर्मन पुढे धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९३५ च्या शरद ऋतूत अमेरिकन आणि भारतीय विद्यार्थी चळवळींनी मिळून चार काळ्या अमेरिकनांचे एक मैत्रीमंडळ भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनला पाठवले, त्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते. बरोबर त्याची पत्नी सू बेली थर्मन, एडवर्ड कॅरल आणि फिनोला कॅरल. कोलंबोच्या लॉ कॉलेजात व्याख्यान झाल्यावर एका वकिलाने त्याला बाजूला घेऊन जे विचारले, ते थर्मनने पुढे आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. तुमच्या पूर्वजांना गुलाम करून नेणारे ख्रिस्ती, त्यांना विकणारे ख्रिस्ती, आज तुम्हाला झाडाला टांगणारेही ख्रिस्ती. मग तुम्ही येथे त्यांचा धर्म घेऊन कसे येता? साऱ्या काळ्या-सावळ्या लोकांशी हा द्रोह नाही का? थर्मनने या प्रश्नाला उत्तर म्हणून १९४९ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले, ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’. चळवळीने त्याला श्रद्धेची ओळख करून द्यायला पाठवले होते, आणि तो प्रश्न घेऊन परतला.

१९३६ च्या फेब्रुवारीत हे मंडळ बारडोलीला गांधीजींना भेटले. गांधीजी तंबूतून बाहेर येऊन त्यांना सामोरे गेले. बोलणे सुरू झाले तेव्हा आधी गांधीजींनीच प्रश्नांची सरबत्ती केली: गुलामगिरीबद्दल, मतदानाच्या हक्काबद्दल, झुंडीने जीव घेण्याबद्दल, आणि तुम्ही इस्लामकडे का वळला नाहीत याबद्दलही. मग अहिंसेवर दीर्घ चर्चा झाली. निघताना त्यांनी पाहुण्यांकडून त्यांची भक्तिगीते ऐकली. अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित निग्रोंकडूनच मिळेल, असे ते शेवटी म्हणाले. ही मुलाखत मार्चमध्ये ‘हरिजन’मध्ये छापून आली. आणि तो मॉर्डेकाय जॉन्सन? तो हॉवर्ड विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, स्वतः भारतात येऊन गेला, आणि १९५० मध्ये फिलाडेल्फियात त्याने गांधींवर केलेले भाषण श्रोत्यांत बसलेल्या एका धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने ऐकले. तो विद्यार्थी बाहेर पडून गांधींवरची अर्धा डझन पुस्तके विकत घेऊन गेला. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

किंगचा लढा किंग्ज माउंटनच्या परिषदेतून निघाला, असे मी म्हणणार नाही. इतिहास इतका सरळ सुतात चालत नाही. मात्र वेगळे बसवलेल्यांची एक परिषद दरसाल भरत होती, आणि तेथे कोण कोणाला भेटेल यावर कोणाचेच नियंत्रण नव्हते, एवढे खरे. पुढे १९७० मध्ये इलिनॉयमधल्या अर्बाना येथे दुसऱ्या नदीवाल्यांच्या, म्हणजे इंटर-व्हर्सिटीच्या अधिवेशनात सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांपुढे टॉम स्किनर हा हार्लेमचा काळा उपदेशक उभा राहिला आणि गुलामगिरीपासून आपल्या दिवसांपर्यंत गोऱ्या चर्चने काय केले त्याचा हिशेब त्याने मांडला. तेथे तर श्रद्धेव्यतिरिक्त काही बोलायचेच नाही, असा संकेत. पण मुलांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. ही अर्बानाची अधिवेशने दर तीन वर्षांनी भरत आली आहेत, आता अर्थात अन्य शहरांत.

आता वाइल्डरकडे वळू. शंभर सह्या गोळा करणारा हा मुलगा स्वतः भारतात आला तो १८९२ मध्ये, वाटेत इंग्लंड आणि नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांना चेतवून. नॉर्वेत त्याला बायकोही मिळाली. काही काळ तो कलकत्त्यात होता, मग पुण्यात. पुण्यातल्या कॉलेजांच्या मुलांत त्याने काम केले. कोणते पुणे? पंचहौद मिशनमध्ये १८९० मध्ये चहाचा पेला पुढे आला म्हणून रानडे-टिळकांसकट बड्याबड्यांवर ग्रामण्य झाले, ते पुणे. येथली मुले मिल आणि स्पेन्सर वाचलेली, केसरीच्या अग्रलेखांवर पोसलेली आणि वादाला चटावलेली. अमेरिकन कॉलेजात एका रात्रीत सह्यांचा ढीग जमवणाऱ्या या माणसाला पुण्याने तर्कशास्त्र शिकवले असणार. सह्यांचा पाऊस काही पडला नाही. प्रकृती ढासळल्यावर १९०२ मध्ये तो येथून गेला. युरोपात फिरला, १९१९ पासून काही वर्षे त्याच जुन्या चळवळीचा सरचिटणीस होता, म्हणजे ती ओसरत असताना. नंतर कैरोत काम केले आणि १९३८ मध्ये नॉर्वेत वारला.

या हकिगतीत भारतीय आवाज कोठे होता, असे कोणी विचारील. होता. तमिळनाडूचे वेदनायकम अझरय्या १९०७ मध्ये तोक्योच्या फेडरेशन परिषदेला गेले होते. १९१० मध्ये एडिंबरोच्या मोठ्या मिशनरी परिषदेत त्यांनी भरसभेत सांगितले, की तुम्ही आमच्या गरिबांसाठी खूप दिले, आता आम्हाला मित्र द्या. श्रोत्यांत अनेकजण अस्वस्थ झाले. शंभर सह्यांपैकी एकाही कागदावर मैत्रीचा उल्लेख नव्हता, आणि ते कलम घालायला हवे होते हे सांगायला चोवीस वर्षांनी एक भारतीय माणूस उभा राहावा लागला.

आणि ग्रेस. रॉबर्टची ही थोरली बहीण माउंट होलिओक या मुलींच्या संस्थेत शिकली. तेथे तिच्या मैत्रिणींच्या गटाने, कोठेही, परदेशातही, जाण्याची तयारी असल्याचा एक कागद केला होता आणि त्यावर सह्या केल्या होत्या. प्रिन्स्टनच्या मुलांचा कागद त्यानंतरचा. माउंट हर्मनला निघण्यापूर्वी रॉबर्ट का-कू करीत होता. तेथे शंभरजण नाव देतील, असे ग्रेसने त्याला सांगितले होते; ही आठवण रॉबर्टनेच नोंदवली आहे. ती स्वतः मात्र तेथे नव्हती, कारण ती परिषद मुलांची होती. शंभरांच्या यादीत तिचे नाव नाही. १८८७ मध्ये वडील वारले, तेव्हा भारतात परतण्याची त्यांची तयारी चालली होती. ते राहून गेले. ग्रेस आईला घेऊन निघाली आणि कोल्हापूरला आली. मुलींना उद्देशून ‘मी जाऊ का?’ अशा नावाची एक लहानशी पुस्तिका तिने लिहिली होती, ती अमेरिकेतल्या कॉलेजांत बरीच फिरली. कोल्हापूर आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायकांत तिने पुढे वर्षानुवर्षे काम केले. भाऊ कलकत्ता, पुणे, युरोप असा फिरत असताना ही बहीण याच पंचक्रोशीत राहिली.